१०० टक्के मुलं कॉलेजला जातात म्हणजे नक्की काय? चार्टर शाळेतल्या आतल्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात महापालिकेच्या एका शाळेत काम करणाऱ्या ट्रस्टमधल्या ताई विचारतायत, की अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमध्ये 'कॉलेज प्रेप' (कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या) म्हणवणाऱ्या ज्या चार्टर शाळा आहेत त्या '१०० टक्के मुलांना कॉलेजात प्रवेश' असं छातीठोक सांगतात, ते खरं असतं का, हे लोक नक्की करतात काय, आणि आपल्याकडे त्यातलं काय चालेल.

ताई, आकडा बहुतेक वेळा खरा असतो. फक्त तुम्हाला जो प्रश्न पडलाय त्याचं ते उत्तर नसतं. हे कसं ते सांगते, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी मूळची सोलापूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे कॅलिफोर्नियात आले, काही वर्षं व्हिसामुळे घरीच बसले, मग इथलं शिक्षकाचं लायसन्स काढलं आणि सॅन होजेच्या पूर्व भागात एका चार्टर हायस्कूलमध्ये पाच वर्षं गणित शिकवलं, आणि त्याच शाळेत गेली नऊ वर्षं कॉलेज काउन्सेलर, म्हणजे मुलांना कॉलेजच्या प्रवेशात मदत करणारी, आहे. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण पुढे आमच्याच चुका सांगणार आहे. आमची बहुतेक मुलं मेक्सिकन घरांतली, काही व्हिएतनामी, थोडी फिलिपिनो. आईबाप हॉटेलात, बांधकामावर, लोकांच्या घरी साफसफाईला. आमच्या शाळेपासून वीस-पंचवीस मिनिटांवर क्युपर्टिनो, जिथे आपली मराठी मंडळी अर्धा पगार घरभाड्यात घालून राहतात, का तर तिथली सरकारी शाळा चांगली. म्हणजे शाळेसाठी सगळेच धडपडतात, फक्त काहीजण घरभाड्यातून फी भरतात.

आधी चार्टर म्हणजे काय ते, कारण इथले मराठी लोकसुद्धा त्याला प्रायव्हेट समजतात, गणपतीच्या कार्यक्रमात दर वर्षी कुणीतरी विचारतंच, 'तुमच्या शाळेची फी किती हो?' फी शून्य. शाळा सरकारी पैशावर चालते, प्रवेश परीक्षा घेता येत नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी काढावी लागते. फरक एवढाच की रोजच्या कारभारात ती डिस्ट्रिक्टच्या म्हणजे स्थानिक शिक्षण मंडळाच्या हाताखाली नसते. तिला एक करार मिळतो, आमच्याकडे साधारण पाच वर्षांचा, त्यात जे कबूल केलं ते झालं नाही तर करार संपतो आणि शाळेला कुलूप. पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यात झाला, पहिली शाळा १९९२ मध्ये तिथेच सेंट पॉल शहरात, आणि त्याच वर्षी कायदा करणारं दुसरं राज्य कॅलिफोर्निया. गंमत अशी की १९८८ मध्ये ही कल्पना जाहीरपणे मांडली अल्बर्ट शँकर यांनी, जे स्वतः शिक्षकांच्या युनियनचे अध्यक्ष होते, आणि आज चार्टरला सगळ्यात जोरात विरोध कोण करतं तर शिक्षकांच्या युनियनच. आता देशात ८ हजारांच्या आसपास अशा शाळा आहेत आणि ३७ लाखांच्या आसपास मुलं. त्या सगळ्या कॉलेज प्रेप नाहीत हं. तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारताय ती एक वेगळी परंपरा आहे, शाळांच्या साखळ्यांची: ह्यूस्टनला १९९४ मध्ये दोन तरुण शिक्षकांनी सुरू केलेलं किप, तिथलंच यस प्रेप, शिकागोचं नोबल, टेक्सासच्या सीमेजवळचं आयडिया, न्यूयॉर्कचं सक्सेस अकॅडमी, वगैरे. किपचे ते दोघं टीच फॉर अमेरिका या, तरुण पदवीधरांना गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवायला पाठवणाऱ्या संस्थेतून आले होते, ज्याच्या धर्तीवर आपल्याकडे २००९ मध्ये टीच फॉर इंडिया सुरू झालं, त्यामुळे या शाळांची भाषा तुम्हाला पुण्यातही ओळखीची वाटत असणार.

आता माझ्या मामाची गोष्ट सांगते, ती इथे लागते.

मी दहावी झाले तेव्हा अकरावीचा फॉर्म मामाने भरला. मामा जिल्हा परिषदेत क्लार्क. ईबीसीची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची फी-सवलत कशी मिळते, उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कचेरीत कुठल्या खिडकीवर जायचं, झेरॉक्सवर सही कुणाची चालते, कुठला साहेब जेवायला दोनला उठतो, सगळं त्याला पाठ. आईबाबांना यातलं काही कळत नव्हतं आणि त्यांना त्याची चिंताही नव्हती, कारण मामा होता. मला वाटायचं मी मार्कांवर पुढे गेले. मार्क होतेच, पण माझ्या वर्गात माझ्याइतकेच मार्क पडलेल्या दोन मुली बारावीला घरी बसल्या, आणि त्यातल्या एकीचा तर नुसता दाखला वेळेत मिळाला नव्हता.

आमच्या शाळेतल्या मुलांना हा मामा नसतो. हुशारी असते, आईबापांची इच्छा तर इतकी की ओपन हाउसला, म्हणजे पालकांच्या भेटीच्या दिवशी, बाप सिमेंट लागलेल्या बुटांनी सरळ कामावरून येतो आणि मागच्या भिंतीला टेकून तासभर उभा राहतो, खुर्ची खराब होईल म्हणून बसत नाही. पण कॉलेजची व्यवस्था आतून माहीत असलेलं माणूस घरात, नात्यात, गल्लीत कुठेच नाही. माझं प्रामाणिक मत विचाराल तर चांगली कॉलेज प्रेप शाळा म्हणजे पगारी मामा. युनिफॉर्म, घोषणा, वर्गांना दिलेली युनिव्हर्सिटीची नावं, कॉरिडॉरमधले झेंडे, व्हिडिओत हेच दिसतं, पण त्याने फार काही होत नाही.

तर मामाचं काम काय. कॅलिफोर्नियात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी आणि कॅलिफोर्निया स्टेट म्हणजे कॅल स्टेट या दोन सरकारी व्यवस्था आहेत, आणि दोन्हीकडे जायला हायस्कूलमध्ये 'ए टू जी' नावाचे १५ वर्षभराचे कोर्स लागतात: इतिहास-सामाजिक शास्त्रं २ वर्षं, इंग्रजी ४, गणित किमान ३, विज्ञान २, परकी भाषा २, कला १, आणि एक ऐच्छिक. आणि प्रत्येकात सी ग्रेड किंवा वर. आता इथली मेख बघा. डी मिळाला तर मूल पास होतं, हायस्कूलचा डिप्लोमा मिळतो, घरी सगळे खूश, पण युनिव्हर्सिटीच्या हिशेबात तो कोर्स झालाच नाही. म्हणजे पास आणि कॉलेजला पात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे घरात कुणालाच माहीत नसतं, कितीतरी साध्या शाळांमध्ये मुलाला हे बारावीच्या ऑक्टोबरमध्ये कळतं, तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. कॉलेज प्रेप चार्टरमध्ये सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ए टू जीवरच टाकतात, 'हा कॉलेजचा, हा नाही' अशी चाळणी नववीत लावतच नाहीत. ही एक गोष्ट मला या शाळांची मनापासून पटते.

मी दर सहामाहीला सगळ्या मुलांचे ग्रेड एका एक्सेल शीटमध्ये ओढते आणि डीवाले खाने लाल करते. मग प्रत्येक लाल खान्याचं काय करायचं ते ठरतं: समर स्कूल, कम्युनिटी कॉलेजचा (म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा) कोर्स, किंवा गणित असेल तर एक पळवाट आहे, अल्जेब्रा वनच्या डीला पुढे अल्जेब्रा टूमध्ये सी मिळाला की यूसी आधीचंही धरून घेते. ही पळवाट माहीत असणं आणि नसणं यात एका मुलाचं आयुष्य इकडचं तिकडे होतं, आणि माहिती अगदी फालतू आहे, दोन ओळींची.

आता आमची चूक. माझं काउन्सेलर म्हणून दुसरंच वर्ष होतं. एका शिक्षकाने आपल्या विज्ञानाच्या कोर्सचं नाव बदलून झकास केलं. प्रत्येक शाळेच्या कोर्सची यादी यूसीच्या पोर्टलवर मंजूर करून घ्यावी लागते, तिथे नवं नाव टाकायचं राहिलं. कुणाचं काम होतं? शिक्षकाला वाटलं ऑफिसचं, ऑफिसला वाटलं माझं, मला तर पोर्टल नीट माहीतच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये एक मुलगी अर्ज भरताना येऊन म्हणाली, मिस, माझा कोर्स यादीत सापडत नाहीये. मी म्हटलं स्पेलिंग बघ. स्पेलिंग बरोबर होतं. पुढचे तीन आठवडे मी काय केलं ते मलाच माहीत, फोन, ईमेल, कोर्सचा अभ्यासक्रम नव्याने लिहून पाठवणं, ३० नोव्हेंबरची डेडलाइन डोक्यावर, रात्री झोप नाही. निभावलं. पण सबंध बॅच एका नावापायी अडकली असती, आणि त्याच वर्षी आमच्या माहितीपत्रकावर '१०० टक्के' छापलेलं होतं.

तर आता त्या १०० टक्क्यांकडे येऊ.

हा आकडा काढताना खाली कुठली संख्या घेतली ते विचारायचं. समजा नववीत १२० मुलं आली, चार वर्षांत कुणी घर बदललं, कुणाला शाळा झेपली नाही, कुणाला 'तुझ्यासाठी दुसरी शाळा बरी' असं गोड बोलून सुचवलं गेलं, आणि बारावीत ८० उरली. त्या ८० पैकी ८० जणांना कुठेतरी प्रवेश मिळाला. झाले १०० टक्के. साध्या सरकारी शाळेत वर्षाच्या मध्ये नवीन मूल आलं तर नाही म्हणता येत नाही, काही चार्टर शाळा मात्र वरच्या वर्गातल्या रिकाम्या जागा भरतच नाहीत, त्यामुळे वर जाताजाता वर्ग आपोआप गाळून निघतो. वर काही शाळांमध्ये नियमच असतो की कॉलेजचं स्वीकारपत्र आणल्याशिवाय डिप्लोमा नाही. आणि 'कॉलेज' मध्ये कम्युनिटी कॉलेज धरलं असेल तर विचारूच नका, तिथे अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला घेतात. कम्युनिटी कॉलेज वाईट असं मी म्हणत नाही, पण कॅलिफोर्नियात तिथून पुढे युनिव्हर्सिटीत जायचं ठरवलेल्यांपैकी चार वर्षांत खरोखर जाणारी मुलं साधारण पाचातलं एक.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: नववीत आलेल्या मुलांपैकी किती जणांच्या हातात सहा वर्षांनंतर... चुकले, हायस्कूलनंतर सहा वर्षांनी, म्हणजे नववीपासून दहा वर्षांनी, डिग्री आहे? हा आकडा विचारलात की समोरचा माणूस पाणी मागवतो.

किपला इथे मान द्यावा लागेल. २०११ मध्ये त्यांनी स्वतःहून हिशेब छापला, की त्यांची जुनी मिडल स्कूल (पाचवी ते आठवी) पूर्ण केलेल्या मुलांपैकी ३३ टक्के जणांनी चार वर्षांची डिग्री पूर्ण केली. गरीब घरातल्या मुलांचं देशातलं प्रमाण तेव्हा दहाच्या आसपास होतं, त्यामानाने तिप्पट, पण त्यांची आपली अपेक्षा ७५ ची होती आणि लोकांना १०० वाटत होतं. तो आकडा त्यांनी लपवला नाही आणि मग आपलं काम बदललं, कॉलेजात गेलेल्या मुलांच्या मागे माणसं लावली. पुढे २०२३ मध्ये मॅथमॅटिका नावाच्या संशोधन संस्थेने लॉटरी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली (हीच खरी तुलना, कारण दोन्हीकडचे आईबाप तितकेच धडपडे). नुसती किपची मिडल स्कूल केलेल्यांच्या डिग्रीत म्हणावा असा फरक नाही. पण मिडल आणि हायस्कूल दोन्ही तिथेच केलेल्यांमध्ये कॉलेजात जाण्याचं प्रमाण ३१ टक्के बिंदूंनी आणि डिग्री पूर्ण करण्याचं १९ बिंदूंनी जास्त. ताई, हे तुमच्यासाठी नीट वाचा. महापालिकेच्या कितीतरी शाळा सातवी-आठवीला संपतात. तिथवर कितीही जीव ओतला तरी पुढे मूल सोडून दिलं तर ते काम विरघळतं, असं यातून निघतं, मला तरी तेच दिसतं.

सगळ्या चार्टर शाळांची सरसकट सरासरी मात्र एवढी झगमगीत नाही. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राने २००९ मध्ये पाहिलं तेव्हा गणितात १७ टक्के शाळा आजूबाजूच्या सरकारी शाळांपेक्षा चांगल्या होत्या, ३७ टक्के वाईट, बाकी तशाच. २०२३ च्या अहवालात चित्र सुधारलं, वर्षाला वाचनात १६ दिवस आणि गणितात ६ दिवस जास्त शिकल्याइतका फायदा. सहा दिवस! शाळा बदलण्यासाठी आईबाप रात्रभर जागतात ते सहा दिवसांसाठी नाही, त्यामुळे 'चार्टर चांगलं का वाईट' हा प्रश्नच मला फोल वाटतो, कुठलं चार्टर ते विचारा.

आता जून ते ऑगस्ट. माझ्या कामाचा हा सगळ्यात महत्त्वाचा काळ, आणि गंमत म्हणजे शाळेच्या हिशेबात तेव्हा मूल आमचं नसतंच, डिप्लोमा देऊन झालेला असतो. याला इथे 'समर मेल्ट' म्हणतात, म्हणजे प्रवेश घेतलेलं, डिपॉझिट भरलेलं मूल उन्हाळ्यात वितळतं आणि सप्टेंबरात कॉलेजला पोचतच नाही. कारणं ऐकाल तर हसाल नाहीतर रडाल. फायनल ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शेवटची गुणपत्रिका, १ जुलैपर्यंत पोचली नाही. ओरिएंटेशनची फी भरायची राहिली. कॉलेजचा ईमेल नव्या अकाउंटवर येतो आणि मूल जुनंच बघतंय. यूसीमध्ये तर प्रत्येकाच्या बिलात हेल्थ इन्शुरन्स आपोआप लागतो, घरचा असेल, गरिबांसाठी सरकारी मेडि-कॅल असेल तरी, मग तो माझ्याकडे आहे असं सांगून काढून टाकावा लागतो, त्याची वेगळी तारीख. मूल बिल उघडतं, हजारो डॉलरचा आकडा बघतं, आईला सांगत नाही, आणि गपचूप गोडाउनमध्ये कामाला लागतं.

एका जुलैत एका मुलाचं असंच झालं. चांगला मुलगा, कॅल स्टेटला इंजिनिअरिंग मिळालेलं. माझ्या तीन मेसेजना उत्तर नाही, तेव्हा मी त्याच्या आईच्या टाकेरियात, म्हणजे मेक्सिकन खाण्याच्या छोट्या हॉटेलात, गेले, ती आतून हात पुसत आली आणि म्हणाली, तो म्हणतो पुढच्या वर्षी जाईन. मुलाला फोन लावला, तिसऱ्या रिंगला उचलला. काय झालं? काही नाही मिस. काय झालं? मग कळलं की फायनान्शियल एडच्या खात्यावर 'व्हेरिफिकेशन' असं लाल अक्षरात आलं होतं, त्याला वाटलं आपण काहीतरी खोटं भरलं आणि आता आईला पकडतील. व्हेरिफिकेशन म्हणजे आईच्या टॅक्सचा कागद अपलोड करायचा होता. एक कागद. टाकेरियाच्या टेबलावर, साल्साचे डाग पडलेल्या मेनूकार्डावर ठेवून फोनने फोटो काढला आणि पाठवला, दहा मिनिटांचं काम. तो आता डिग्री घेऊन नोकरीला आहे. पण तो जुलै माझ्या पगारात नव्हता, तेव्हा काउन्सेलरचा करार दहा महिन्यांचा होता. आता बारा महिन्यांचा आहे, भांडून करून घेतलाय.

पैशाची पत्रं हा आणखी एक भाग. मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजांची एड लेटर, म्हणजे किती आर्थिक मदत मिळेल ते सांगणारी पत्रं, येतात. केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा फॉर्म फाफ्सा (कॅलिफोर्नियात आता तो भरणं हायस्कूल संपवायच्या आधी जवळजवळ सक्तीचंच केलंय), त्यातून पेल ग्रँट मिळते, जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर वर्षाला, वर राज्याची कॅल ग्रँट. या ग्रँट परत करायच्या नसतात. पण पत्रात ग्रँट, कर्ज आणि कँपसवरच्या कामाचा पगार एकाच रांगेत 'अवॉर्ड' म्हणून लिहिलेले असतात. एक आई आली होती, रात्रपाळी करून सकाळी आठला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पत्र घातलेलं, जसं आपल्याकडे सातबारा ठेवतात तसं. खाली लिहिलेलं: उरलेली रक्कम, शून्य डॉलर. ती रडत होती आनंदाने. मी रांग बोटाने वर सरकवत गेले आणि मधे एक ओळ सापडली, पॅरेंट प्लस, १८ हजार आणि काही. म्हणजे आईच्या नावावर कर्ज, एका वर्षाचं, अशी चार वर्षं. तिला ते समजावताना माझीच जीभ जड झाली. अमेरिकन सरकारच्याच लेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये तपासलं, तर ९१ टक्के कॉलेजं खरा खर्च किती हे पत्रात नीट सांगतच नाहीत असं निघालं. मुलगी शेवटी कॅल स्टेटला गेली, घरून बसने, कर्ज जवळजवळ नाही. आमच्या माहितीपत्रकासाठी ते खासगी कॉलेजचं नाव जास्त शोभलं असतं, आणि एका वरिष्ठांनी मला तसं बोलूनही दाखवलं.

२०२४ चं वर्ष तर आठवायलाही नको. फाफ्साचा नवा फॉर्म ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला, आणि ज्यांच्या आईबापांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला आधारसारखा सरकारी नंबर) नाही त्यांना तो कितीतरी आठवडे पूर्णच करता येईना. आमच्याकडे अशी घरं ढिगाने. मूल अमेरिकन नागरिक, आई कागदपत्रांशिवाय. ज्या मुलांकडेच कागद नाहीत त्यांच्यासाठी राज्याचा वेगळा ड्रीम अ‍ॅक्टचा फॉर्म आहे आणि २००१ च्या कायद्यामुळे त्यांना राज्यातल्या मुलांइतकीच फी लागते, पण हल्ली भीती अशी आहे की सरकारी फॉर्मवर आईचं नाव लिहायलाच मुलं तयार नसतात. मी 'भर, काही होत नाही' असं आता म्हणत नाही. तो निर्णय घरच्यांचा.

शिस्तीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण व्हिडिओत तुम्ही ते बघितलं असणारच: मुलं रांगेत, कॉरिडॉरमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल, शिक्षकाकडे टक लावून. सुरुवातीच्या काळात या शाळांचं हेच भांडवल होतं. शिकागोच्या नोबलमध्ये तर गैरवर्तनाचे डिमेरिट साठले की डिटेन्शन, म्हणजे शाळा सुटल्यावर थांबायची शिक्षा, आणि त्याचे पाच डॉलर, गरीब मुलांकडून. लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०१४ मध्ये ते बंद केलं. किपनेही 'कष्ट करा, चांगलं वागा' अशा अर्थाची आपली जुनी घोषणा २०२० मध्ये काढून टाकली. मीसुद्धा गणित शिकवायचे तेव्हा बेल्ट नाही म्हणून पोरं वर्गाबाहेर काढलेली आहेत, आज लाज वाटते. कॉलेजात कुणी शिट्टी वाजवून रांग लावत नाही, तिथे सकाळी आठच्या लेक्चरला स्वतः उठून जायचं असतं, आणि अति शिस्तीत वाढलेली काही मुलं तिथेच कोसळतात, हे परत आलेल्या मुलांनीच मला सांगितलं. शांत वर्ग हवा याबद्दल मात्र माझं दुमत नाही, बडबडीत अल्जेब्रा होत नाही.

शिक्षक टिकत नाहीत, हे आमचं जुनं दुखणं. तरुण येतात, दोन-तीन वर्षं रात्रंदिवस राबतात, जातात. आणि डिस्ट्रिक्टचं म्हणणंही खोटं नाही: पैसा हजर मुलामागे मिळतो, आमच्याकडे शंभर मुलं आली की त्यांच्याकडचा तेवढा पैसा गेला, पण त्यांच्या इमारतीचं छप्पर आणि पेन्शन तेवढीच राहते. २०१९ च्या कायद्यामुळे कॅलिफोर्नियात नवीन चार्टर मंजूर करताना हा परिणामही बघता येतो. यावर माझं नवऱ्याशीसुद्धा एकमत होत नाही, सोडून देते.

तर तुमच्याकडे काय नेता येईल. शाळेचं मॉडेल उचलू नका, पुण्या-मुंबईत आकांक्षा फाउंडेशन महापालिकांबरोबर शाळा चालवतंच आहे, तो अनुभव तुमच्या जास्त जवळचा आहे, त्यांना जाऊन भेटा. माझ्याकडून घ्यायचंच तर पगारी मामा घ्या. पूर्णवेळ एक माणूस, शिक्षकाच्या डोक्यावर जादा काम म्हणून नाही. इथे काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत अशी शिफारस आहे आणि कॅलिफोर्नियात सरासरी चारशेच्या वर आहे; माझ्याकडे बारावीची ऐंशी-नव्वद असतात, तेव्हा कुठे जुलैत टाकेरियात जाता येतं. त्या माणसाचं काम आठवीपासून सुरू: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकच आहे का, बँक खातं आधारला जोडलंय का, कारण महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची स्कॉलरशिप तिथेच अडकते. मग दहावीनंतर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे पसंतीक्रम, हॉस्टेल, बारावीला सीईटीचा फॉर्म. आणि बारावीनंतर निदान दोन वर्षं फोन. मुलींच्या बाबतीत तर फोन आईलाच करायचा, किंवा घरात जिचं चालतं त्या आजीला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि निधी देणारे १०० टक्क्यांचा तक्ता मागतील तेव्हा त्यांना दुसरा एक तक्ता द्या. तुमच्याकडून २०१८ मध्ये दहावी झालेली बॅच काढा, हजेरीपटावरची सगळी नावं, मधेच सोडून गेलेलीसुद्धा, आणि प्रत्येकापुढे आज काय करतो ते लिहा. पहिल्या दिवशी निम्मे फोन नंबर लागणार नाहीत. माझेही लागले नव्हते. मग मोठ्या भावाला, शेजारच्या दुकानदाराला, धाकट्या बहिणीच्या वर्गशिक्षिकेला विचारत जायचं, आम्हाला पहिल्या बॅचसाठी चार महिने लागले.